दिवाळीचं पत्र घरच्या कागदावर पाठवा

अकोट आणि भोवतालच्या गावांतल्या सगळ्या घरांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या दिवाळीला निदान एक पत्र हातानं करा. कागद हातचा, चित्र हातचं, अक्षर हातचं. आणि ते पोस्टानं पाठवा.

मोबाइलवर शुभेच्छा भरपूर येतात. पणतीचं तेच चित्र चार जणांकडून येतं. फोनमधली जागा भरली म्हणून भाऊबीजेच्या आत आपण ते पुसूनही टाकतो. पण पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या लेकीला आईच्या अक्षरातलं पाकीट मिळालं, तर ती ते पुसणार नाही. जपून ठेवेल. तुमच्या पेटीत तुमच्या आईची पत्रं असतील, तर हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हल्ली आपल्या पोरींना जपानी कागदाची गोडी लागली आहे. 'वाशी' म्हणतात त्याला. त्या कागदाची पाकिटं, फाडून चिकटवलेली चित्रं, नक्षीची पत्रं त्या फोनवर पाहतात. मग मागवायची इच्छा होते. इच्छा चांगलीच आहे. तिला नाही म्हणू नका. पण पैसे खर्च करण्याआधी हा कागद काय आहे, ते आपण समजून घेऊ.

वाशी तांदळाचा नसतो. काही दुकानांत तो 'राइस पेपर' म्हणून विकतात, त्याला भुलू नका. तो झाडाच्या सालीचा असतो. मुख्य झाड कोझो, म्हणजे तुतीच्या कुळातलं. मित्सुमाता आणि गाम्पी ही आणखी दोन झुडपं. साल राखेच्या पाण्यात शिजवतात. गार पाण्यात धुतात. तिच्यातला एकेक काळा ठिपका बसून हातानं वेचतात. मग ती ठोकून ठोकून मऊ करतात. हे काम थंडीच्या दिवसांत करतात, कारण गार पाण्यात लगदा लवकर नासत नाही.

ठोकलेला लगदा पाण्यात सोडला की त्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळीचा चिकट रस मिसळतात. हे झाड आपल्या भेंडीच्या जवळच्या नात्यातलं आहे. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत भेंडीचा रस घालून काहिलीतली मळी वर आणतात, हे तुम्ही ऐकलं असेल. जपानी कारागीर तसाच रस वेगळ्या कामाला लावतो. रसामुळे पाणी दाट होतं. तंतू तळाशी बसत नाहीत, एकमेकांत गुंतत नाहीत, जाळीवर सारखे पसरतात.

कोझोचा तंतू जवळजवळ सेंटिमीटरभर लांब असतो. आपल्या वहीच्या कागदात लाकडाचा तंतू असतो, तो एक ते तीन मिलिमीटरचा. म्हणून वहीचं पान चटकन फाटतं. वाशी फाडला की कडेला बारीक केस उभे राहतात. खरा कागद ओळखायची ही साधी खूण आहे. कोपरा फाडून बघा. केस दिसले तर सालीचा. सरळ तुटला तर वर नुसती जपानी नक्षी छापलेला.

सेकिशू, मिनो आणि होसोकावा या हातकागदांच्या कलेला युनेस्कोनं 2014 साली मानवजातीच्या वारशात जागा दिली. त्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचे हात आहेत. म्हणून खरा कागद महाग असतो, आणि महाग असावाच. अगदी स्वस्तात गठ्ठा मिळत असेल तर तो हा कागद नव्हे.

घ्यायचाच असेल तर एकच ताव घ्या. त्याचे तळहाताएवढे तुकडे करा. एका तावात दहा-बारा पत्रं सजतात. अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे पाठवू नका. माल हातात आल्यावर पैसे देता येत असतील तरच मागवा. ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

आणि ती रंगीत 'वॉशी टेप'. ती सजावटीपुरती वापरा. तिनं पाकीट बंद करू नका. ती मुळात सहज निघावी म्हणूनच केलेली असते. आपल्याकडच्या उन्हात टपालाच्या थैलीत ती सुटली, तर आतलं पत्र वाटेतच पडेल.

आता माझं खरं सांगणं ऐका. अकोटला कागदासाठी जपानकडे बघायची गरज नाही. आपण कापसाच्या गावात राहतो. शिवारात सीतादही होऊन वेचणी सुरू झाली की गाड्या भरभरून कापूस बाजारात येतो. तालुक्यात केळीच्या बागा आहेत. उत्तम कागदाला जो लांब तंतू लागतो, तो आपल्या बांधावर पडलेला असतो. जपानी माणसाकडून घ्यायची ती रीत घ्या. माल घरचा वापरा.

ही काही नवी गोष्ट नाही. वेरूळच्या वाटेवर, खुलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासून तिथं हातकागद होत आला असं सांगतात. जुन्नरचाही कागद एके काळी नावाजलेला होता. आणि आपल्या शेजारी वर्धा आहे. 1934 साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला. त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं आणि कारभार जे. सी. कुमारप्पा पाहत. तेलघाणी, मधमाश्या, गूळ यांच्या जोडीला तिथं हातकागदाचंही काम झालं. पुण्याला शिवाजीनगरात हातकागद संस्था आहे, ती 1940 ची. कुणी पुण्याला जाणार असेल तर तिथून दोन-चार ताव आणायला सांगा. जपानी तावाइतकाच मान त्या कागदाला द्या. तो चिंध्यांतून आलेला, सुताचा कागद आहे.

गांधीजी स्वतः आलेल्या पाकिटांची कोरी बाजू लिहायला वापरत. आपणही तिथूनच सुरुवात करू. घरात आलेलं जुनं पाकीट हलक्या हातानं उकला. ते उलटं करा. कोरी बाजू बाहेर येईल अशी त्याच घड्यांवर पुन्हा चिकटवा. झालं तुमचं पहिलं पाकीट. पैसा लागला नाही. लहान मुलंसुद्धा हे करतील.

आता कागद करू. रविवार निवडा. आदल्या रात्री जुन्या वहीची दहा पानं फाडून बादलीत भिजत घाला. पिना आधी काढा. चकचकीत मासिकाची पानं घेऊ नका, ती नीट विरघळत नाहीत.

सकाळी ती पानं मिक्सरमध्ये फिरवा. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. जुनं, बाजूला ठेवलेलं भांडं घ्या. मूठभर लगदा आणि भरपूर पाणी, असं थोडं थोडं फिरवा. भांडं गच्च भरलं तर मोटर जळेल, आणि सणाच्या तोंडावर मिक्सर दुरुस्तीला द्यावा लागेल.

नुसत्या वहीचा कागद ठिसूळ होतो. त्याला बळ द्यायला सूत घाला. जुनं सुती धोतर किंवा लुगडं घ्या. जितकं विरलेलं तितकं बरं, कारण त्याचे तंतू आधीच सैल झालेले असतात. टेरिकॉट नको. त्याचा लगदा होत नाही. शिंप्याकडे बनियनच्या कापडाच्या चिंध्या मिळाल्या तर त्याही छान. नखाएवढे तुकडे करा. धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा. स्वच्छ पाण्यात चार वेळा धुवा.

हे सूत मिक्सरमध्ये घालू नका. धागे पात्यांना गुंडाळतात. त्यासाठी माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली काढा. ओले तुकडे पाट्यावर घ्या आणि वरवंट्यानं ठेचा. आधी ते नुसते चपटे होतात. मग कडा उसवतात. मग एकेक धागा फुगतो, आणि चिमूट पाण्यात टाकली तर ती ढगासारखी पसरते. तिथं थांबा. पाऊण तास सहज लागेल. आळीपाळीनं ठेचा. आजीला वरवंटा धरायची सवय असते, तिला विचारा. तीन वाटे वहीचा लगदा आणि एक वाटा सूत, एवढं प्रमाण पुरतं.

केळीचा कागद करायचा असेल तर थोडी अधिक तयारी लागते. घड उतरल्यावर बागवान खांब कापून टाकतात. त्यांना विचारून एक आणा. आतले पांढरे पापुद्रे काढा. इंचभर तुकडे करा, त्याहून लांब नकोत, नाहीतर ते वेटोळी होऊन बसतात. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तीनेक तास शिजवा. बोटानं ओढल्यावर धागे सहज सुटे झाले की झालं. मग धुवा आणि पाट्यावर ठेचा.

इथं तीन गोष्टी सांभाळा. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं घेतलं तर सोडा ते खातो, पाणी काळं पडतं. चूल अंगणात मांडा आणि शिजवायचं काम मोठ्यांनीच करा. सोड्याचं उकळतं पाणी अंगावर उडालं तर भाजतंच, वर कातडीलाही त्रास होतो. आणि कपडे जुने घाला. केळीच्या चिकाचा डाग जात नाही.

कुणी कॉस्टिक सोडा वापरायला सांगेल. कारखान्यात तो वापरतात. घरात आणू नका. मुलाबाळांच्या घरात त्याचं काही काम नाही.

आता साचा. एकाच मापाच्या दोन लाकडी चौकटी घ्या. जुन्या फोटोंच्या चालतील. आतली जागा 14 सेंटिमीटर रुंद, 9 सेंटिमीटर उंच असली की पोस्टकार्डाएवढा कागद निघतो. एका चौकटीवर मच्छरदाणीची नायलॉनची जाळी ताणून ठोका. जाळी ढिली राहिली तर कागद मधेच जाड होतो. दुसरी चौकट तशीच मोकळी, ती वर ठेवायची.

टबात पाणी घ्या आणि लगदा सोडा. ढवळा. बुडवण्याआधी दर वेळी ढवळा. दोन्ही चौकटी एकत्र धरून तिरक्या आत घाला, आडव्या करा, सरळ वर उचला. पाणी निथळताना एकदा पुढं-मागं, एकदा डावी-उजवीकडं हलकेच हलवा. जपानी कारागीर साचा असाच झुलवतो. त्यानं तंतू दोन्ही दिशांना बसतात आणि कागद कुठूनही सारखाच मजबूत होतो. पाणी गळायचं थांबल्यावर हलवू नका, तेव्हा हलवलं तर भेगा पडतात.

वरची चौकट काढा. साचा ओल्या सुती कापडावर उपडा करा. जाळीवरून स्पंज दाबून पाणी टिपा. साचा एका कडेनं उचला. कागद कापडावर राहील. पहिले दोन-तीन बिघडतील. ते पुन्हा टबात टाका. हातकागदात काही वाया जात नाही, ही त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

पाण्याबद्दल एक सांगतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत बोअरचं पाणी खारट असतं. त्या पाण्यानं कागद केला तर सुकल्यावर पांढुरके डाग राहू शकतात. तिथं नळाचं गोडं पाणी वापरा, आणि निदान शेवटचं धुणं तरी गोड्या पाण्यातच करा. पाण्याची टंचाई असेल तर हा उद्योग पाऊस चांगला झाल्यावर करा. प्यायचं पाणी कागदाला घालू नका.

उरलेला लगदा मोरीत ओतायचा नाही. मोरी तुंबेल. कापडातून गाळा. लगद्याचा गोळा करून उन्हात वाळवा, पुढच्या वेळी भिजवून वापरता येतो.

वाळवणं आपल्याकडं सोपं आहे आणि तिथंच काम बिघडतं. ऑक्टोबरचं ऊन कडक. उन्हात टाकला की कागद पापडासारखा वळतो. म्हणून ओला कागद कापडासकट खिडकीच्या स्वच्छ काचेवर लावा, वरून हातानं सारखा दाबा आणि कापड सोलून काढा. सावलीत वाळू द्या. पूर्ण वाळला की आपोआप सुटू लागतो. काचेकडची बाजू गुळगुळीत निघते. जपानात असाच ओला ताव ब्रशनं फळीवर बसवून वाळवतात. काचेकडच्या बाजूवर अक्षर लिहा, खरखरीत बाजूवर चित्र चिकटवा.

नव्या कागदावर शाई पसरते. त्यावर आपल्या घरचाच इलाज आहे. सुती साडीला देता ती साबुदाण्याची खळ पातळ करा. रुंद ब्रशनं दोन्ही बाजूंना एकेक हात द्या. वाळू द्या. आता पेन चालेल. बॉलपेन नको, त्याचं टोक कागदाला टोचतं.

चिकटवायला मैद्याची खळ करा. एक चमचा मैदा, सहा चमचे पाणी. आधी गार पाण्यात गुठळ्या मोडा, मगच मंद आचेवर ठेवा. ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ती चकाकू लागली की उतरवा. जपानातही कागदाला गव्हाच्या सत्त्वाचीच खळ लावतात. ती वाळल्यावर दिसत नाही आणि कागद आखडत नाही. बाटलीतल्या गोंदानं पातळ कागद सुरकुततो.

खळ रोजची रोज करा. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी ती आंबते. वास आला की टाका. पूर्वी दुकानदार किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. तुम्ही घालू नका. मोरचूद विषारी आहे, आणि मुलं बोटं चाटतात. झुरळं, उंदीर खळीवर येतात, म्हणून झालेली पत्रं बंद डब्यात ठेवा. एवढंच पुरे.

आता चित्र. "आम्हाला चित्र कुठं येतं?" असं म्हणून बायका मागं सरतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, मागं सरू नका.

जपानात 'एतेगामी' म्हणून एक रीत आहे. कार्डावर एक चित्र आणि त्याच्या शेजारी दोन-चार शब्द. कुनिओ कोइके नावाच्या गृहस्थांनी ती गावोगाव नेली. त्यांचं सांगणं असं, की चित्र सुबक नको, मनापासून हवं. एका त्रैमासिकासाठी त्यांनी वर्षभरात अशी 60,000 कार्डं स्वतःच्या हातानं काढली. ही रीत तिथं शिकलेल्या चित्रकारांपुरती राहिली नाही. आजी-आजोबा, गृहिणी, शाळेतली मुलं, सगळे एतेगामी काढतात.

रीत सोपी आहे. समोर खरी वस्तू ठेवा. ब्रश वरच्या टोकाशी, सैल धरा. काळ्या शाईनं हळूहळू बाहेरची रेघ काढा. पेन्सिलनं आधी गिरवू नका, खोडरबर तर घेऊच नका. वस्तू मोठी काढा, कार्डाबाहेर गेली तरी चालेल. मग थोडा रंग. सगळं भरायचं नाही.

समोर काय ठेवाल? तुमच्याकडं आहे ते. संत्रं ठेवा. काटेरी देठाचं वांगं ठेवा. फुटलेलं कापसाचं बोंड ठेवा. बोंड नीट बघा. बाहेरची टरफलं वाळून तपकिरी झालेली, टोकं मागं वळलेली आणि टोचणारी. आत चार-पाच कळ्या, प्रत्येकीत सरकीभोवती गच्च बसलेला कापूस. वेचणीला गेलेल्या बाईच्या बोटांना ती टोकं ठाऊक असतात. तिनं काढलेलं बोंड शहरातल्या चित्रकाराला जमणार नाही. आणि शेजारी लिहा, "यंदा पहिला वेचा बरा निघाला." सासरी गेलेल्या लेकीला त्यात सगळं कळतं.

ब्रशचीही भीती वाटत असेल तर कागद फाडून चित्र करा. यालाही जपानात मान आहे, 'चिगिरिए' म्हणतात. कात्री घेऊ नका. बारीक ब्रश पाण्यात बुडवून हवी ती रेघ कागदावर ओढा. क्षणभर थांबा. मग दोन्ही बाजूंनी हळू ओढा. कागद त्या ओल्या रेघेवरच सुटतो आणि कडेला मऊ केस येतात. निळसर कागदाचे दोन तुकडे एकावर एक लावले की सातपुडा झाला. पुढं पिवळा तुकडा लावा, शिवार झालं. नरनाळ्याचा बुरूज लावायचा तर एक करडा तुकडा पुरे. एकावन्न रंग लागत नाहीत.

रंग घरातले वापरा. हळदीच्या पाण्यात बुडवलेला कागद पिवळाधमक होतो. त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं चित्र काढा. रेघ लालसर उमटते. मुलं हे बघून हरखतात. सोड्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, एवढं बघा. हळद उन्हात उडते, पण पाकिटाच्या आत टिकते. फाल्गुनात पळसाची फुलं मिळाली तर वाळवून ठेवा, केशरी रंगाला कामी येतात. पुस्तकात ठेवलेलं पिंपळाचं जाळीदार पान तर प्रत्येक घरात असतंच. त्यावर पातळ कागद खळीनं बसवला की शिरा खालून दिसतात.

मोठ्या कुटुंबांसाठी एक सुचवतो. ओसाकाचे रिओसुके कोहेन 1985 पासून जगभरच्या लोकांकडून टपालानं शिक्के, चित्रं मागवतात, ती एका मोठ्या कागदावर एकत्र छापतात आणि तो कागद सगळ्यांना परत पाठवतात. आपण त्याचं घरगुती रूप करू. एक ताव घ्या. अकोटहून पहिला तुकडा लावा, नाव लिहा, नागपूरला भावाकडं पाठवा. त्यानं आपला तुकडा लावून नाशिकला बहिणीकडं पाठवावा. तिथून काकांकडं. भांडणामुळे बोलणं बंद झालेलं एखादं घर असेल, तर त्यांचंही नाव यादीत घाला. फोन करायला जड जातं. कागद पुढं पाठवायला तितकं जड जात नाही. पत्त्यांची यादी तावाच्या मागं लिहा आणि प्रत्येकानं आठ दिवसांत पुढं पाठवायचं, असं ठरवा. नाहीतर ताव कुणाच्या तरी कपाटात अडकेल.

पत्रात काय लिहायचं याची फार चिंता करू नका. वर श्री, तारीख, गाव. मोठ्यांना साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पुढं घरातली खरी बातमी. कोण आजारी होतं, कोण बरं झालं, सोयाबीन किती झालं, म्हैस व्याली का. पैशाची, जमिनीची, बँकेची गोष्ट मात्र पत्रात लिहू नका. आधार किंवा खात्याचा नंबर तर नाहीच. पत्र कुणाच्याही हाती पडू शकतं.

आता पोस्ट. इतकी मेहनत केलेलं पत्र पोचलं पाहिजे. इथं घाई करू नका.

पोस्टाचं 50 पैशांचं कार्ड घेतलंत तर चित्र थेट त्यावर काढा, चिकटवू काही नका. घरी केलेलं कार्ड असेल तर सरळ पाकिटात घालून पाठवा. हातकागद शिक्क्याखाली दबतो, पावसात भिजतो. पाकिटात तो सुखरूप राहतो. भिजायची भीती असेल तर आत पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला.

पत्त्याची बाजू स्वच्छ ठेवा. नक्षी मागच्या बाजूला. पत्त्यासाठी कोरा, पांढरा, गुळगुळीत कागद चिकटवा आणि ठळक अक्षरात, पाण्यानं न पसरणाऱ्या शाईनं लिहा. पिनकोड विसरू नका. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे पंडित. गावाची नावं सारखी असतात, अक्षरं लागत नाहीत, भाषा वेगळी असते. सहा आकडे मात्र देशभर एकच अर्थ सांगतात. अकोटचा 444101. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तोही लिहा, म्हणजे घेणारा भेटला नाही तर पत्र तुमच्याकडं परत येईल.

तिकिटावर रंग, कागद, टेप काही येऊ देऊ नका. झाकलेलं तिकीट पोस्टवाले धरत नाहीत. टिकल्या, मणी, आरसे पाकिटात घालू नका. शिक्का बसताना ते फुटतात आणि कागद फाटतो. नोटा कधीच घालू नका. परदेशी जाणाऱ्या पाकिटात बी, पान, फूल घालू नका, तिकडच्या तपासणीत ते अडकतं. पिंपळाचं पान देशातल्या पत्रापुरतं ठेवा.

वजन बघा. साध्या पाकिटाला पहिल्या 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांचं तिकीट पुरतं. वहीच्या चांगल्या कागदाचा मोठा ताव, म्हणजे झेरॉक्सच्या पानाएवढा, साधारण 5 ग्रॅमचा असतो. हातकागद त्याच्या दुप्पट-तिप्पट जड. दोन कार्डं, एक चिठ्ठी आणि जाड पाकीट झालं की 20 ग्रॅम जवळ येतात. अंदाजानं लाल पेटीत टाकू नका. तिकीट कमी पडलं तर पत्र बैरंग होतं आणि दंडासकट पैसे तुमच्या पाहुण्याला भरावे लागतात. दिवाळीची भेट अशी जाऊ नये. खिडकीवर न्या, वजन करून घ्या, त्या दिवसाचा दर विचारा. शिक्का हलक्या हातानं मारायला सांगा. आपली पोस्टातली माणसं चांगली आहेत, आदरानं सांगितलं तर ऐकतात.

फारच जपायचं पत्र असेल, तर स्पीड पोस्टानं पाठवा. जुनं रजिस्टर 1 सप्टेंबर 2025 पासून त्यातच मिळवलं आहे. पावती सांभाळा, पोचेपर्यंत फेकू नका.

दिवाळीच्या आठवड्यात टपाल फार असतं. वसुबारसेच्या दहा-बारा दिवस आधी पत्र निघू द्या. म्हणजे कागद दसऱ्याच्या आतच करून ठेवावा लागेल.

आणि पाकिटात दुसरं एक रिकामं पाकीट घडी करून घाला. त्यावर तुमचा पत्ता लिहा, तिकीट लावा. शहरातल्या मुलांना तिकीट कुठं मिळतं हे ठाऊक नसतं, आणि मनात असूनही उत्तर राहून जातं. दोन्ही पाकिटांचं मिळून वजन करा.